काकूच्या चुंगडीत काय आहे

मेडिकलच्या काउंटरवर काकूनं गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात दिली. "वाच बरं बाई, काय लिवलं हाये यावर." गेल्या उन्हाळ्यापासून काकूच्या अंगातून वाफा निघतात. रात्रीतून कितीदा तरी ती उठून ओसरीवर येऊन बसते, पदरानं वारा घेते, घामेजलेली मान पुसते, आणि डोळा लागतो न लागतो तोच कोंबडा आरवतो. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, पाळी जायच्या दिवसांत असं होतं हे शांतपणे समजावून सांगितलं आणि कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत ही एक पट्टी लिहून दिली. पट्टीच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत होतं, सोया आइसोफ्लेव्होन्स, ५० मिलिग्रॅम. मी वाचून दाखवलं. काकूनं त्यातला पहिला शब्द तेवढा उचलला. "सोया म्हंजे सोयाबीन? आपल्या वावरातलं?" मी हो म्हटलं. तिनं किंमत विचारली, कमरेचा बटवा काढला, पैसे मोजून दिले. बाहेर पडल्यावर बसस्टँडकडे चालता चालता म्हणाली, "घरी चुंगडीभर पडलंच हाये ना. तेच भाजून खाल्लं तं चालत नाई काय वं?" चुंगडी म्हणजे आमच्याकडे पोतं.

बस लागलेली होती. "चालतं, पण नीट सांगते तुला," एवढंच तेव्हा बोलून झालं. खिडकीशी बसून काकू लगेच झोपली, रात्रीची उरलेली झोप. मी मात्र कारंज्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वावरं बघत तिच्या प्रश्नाशी बसून राहिले. सोयाबीनच्या दाण्यातून हे आइसोफ्लेव्होन्स, म्हणजे बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी थोडं साम्य असलेले वनस्पतीतले पदार्थ, काढायचे आणि मोजायचे, हे काम मी अकोल्यात शिकताना केलं आहे आणि पुढे प्रयोगशाळेत पोटासाठीही केलं आहे. शेकडो नमुने हातांखालून गेले. प्रत्येक नमुन्यावर वाणाचं नाव, तारीख, क्रमांक. पण "घरी पडलं आहे, भाजून खाल्लं तर चालेल का" असं कोणी कधी विचारलं नव्हतं. नमुना देणारे वेगळे आणि पिकवणारे वेगळे होते.

आपल्याकडे हे पीक घराच्या उंबऱ्याच्या आत फारसं आलंच नाही. वावरातून थेट ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून बाजारात. दिवाळी, पोराची फी, कृषी केंद्राची उधारी, सगळं त्यावर. तूर आली की घरात डाळ होते, हरभरा आला की पोरं ओले घाटे भाजतात, ज्वारीचा हुरडा होतो. सोयाबीनचं तसं काही नाही. पोतं विकायचं आणि किराणा दुकानातून सोयाबीन तेलाचं पाकीट आणायचं. फार तर सोयाबीनच्या वड्या आणायच्या, पाहुणे आले आणि मटण परवडत नसलं की त्यांचा झणझणीत रस्सा करायचा. त्या वड्याही दुकानातूनच. बियाण्यासाठी राखलेलं तेवढं घरात असतं, आणि ते खायचं नसतं.

माझ्या आजीनं सोयाबीन कधी शिजवलं नाही. तिच्या उमेदीच्या काळात आमच्या वावरात ज्वारी, पऱ्हाटी, तूर आणि मूग-उडीद होते. मग नव्वदच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस ३३५ आला. १९९४ साली प्रसारित झालेला हा वाण बघता बघता सगळ्या पांढरीत आणि काळ्या वावरात पसरला. शंभर दिवसांच्या आत-बाहेर हातात येणारं पीक, दिवाळीला पैसा, मागून हरभरा घ्यायला रान मोकळं. ज्वारी हटली तसा कडबा हटला, आणि कडब्यासोबत दावणीची जनावरंही कमी झाली. आजीला त्या पिवळ्या गोल दाण्याचं काय करावं ते कळेना. तिनं एकदा मूठभर दाणे तोंडात टाकले आणि थुंकून दिले. "कच्च्या शेंगेचा वास येते," म्हणाली. ते तिचं शेवटचं मत होतं.

मला मात्र ते पीक वासासकट आवडायचं. थ्रेशरच्या मागे उडणारी भुकटी, अंगाला टोचणारी शेंगांवरची लव, कुटाराच्या ढिगात कंबरेपर्यंत रुतणं. सोंगणीला मेळघाटातून कोरकू मजूर यायचे, वावराच्या धुऱ्यावर त्यांच्या चुली पेटायच्या. आणि त्याआधी, पेरणीच्या वेळेला, अंगणात ताडपत्रीवर बियाणं पसरून काकू त्याला रायझोबियम हे जिवाणूंचं खत लावायची. गूळ घालून उकळलेलं पाणी थंड करायचं, त्यात पाकिटातली काळी पूड कालवायची, आणि दाण्याची साल सोलू नये म्हणून दोन्ही हातांनी हलकेच चोळायचं. मग सावलीत सुकवायचं. हात काळे, चिकट, गुळाच्या वासाचे. श्रावणात एखादं झाड मुळासकट उपटलं की मुळांवर गाठी दिसायच्या. मी त्या नखानं फोडायची. आतून गुलाबी, लालसर. ती गाठ जिवंत आणि कामात आहे, याची ती खूण, हे पुढे कॉलेजात कळलं.

या सगळ्या वर्षांत आमच्या दाण्यात काय आहे हे मोजलं गेलं ते एकाच ठिकाणी.

बाजार समितीच्या ओट्यावर ढीग पडतो, हर्रास सुरू होते, माणसं ढिगात हात घालतात, दाणे तळव्यावर घोळवतात, एखादा दाताखाली फोडतात. मग ते छोटं यंत्र येतं. त्याच्या वाटीत दाणे भरायचे, झाकण आवळायचं, आणि आकडा उजळतो. ओलावा. बारापर्यंत ठीक, त्यापुढे कपात. माती-कचरा किती, डागी किती, फुटका किती. परतीचा पाऊस लागला असेल तर ढिगावर राखाडी छटा येते आणि बोली लावणाऱ्याचा चेहराच आधी बोलतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ओट्यावरचे भाव त्याच्या बरेच खाली. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा त्या वर्षी १५ टक्क्यांपर्यंत वाढवली, पण घरात पैशाची नड असलेला कास्तकार नोंदणी आणि बारदाना येईपर्यंत थांबत नाही. आमच्याकडचंही तेव्हाच गेलं. एक चुंगडी मागे राहिली ती बियाण्याची म्हणून. त्या यंत्राला मी दोष देत नाही, ओलं धान्य साठवलं तर बुरशी येते, हे खरंच आहे. मला सलतं ते वेगळं. दाण्यात जे कमी पडतं किंवा नको असतं, तेवढंच तिथे मोजलं जातं. दाणा आपल्यासोबत काय घेऊन आला आहे, ते विचारायची ती जागाच नाही.

प्रयोगशाळेतही पहिलं काम ओलाव्याचंच असतं, हे आता लिहिताना जाणवतं. दळलेलं सोयाबीन थोडं तोलून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचं, वजन उतरायचं थांबेपर्यंत. तो आकडा तिथे किंमत पाडायला नसतो. पुढचं सगळं मोजमाप कोरड्या वजनावर सांगता यावं, म्हणून तो लागतो.

मग खरं काम. दाणा दळायचा, बारीक चाळणीतून काढायचा. हा वास आजीचाच, कच्च्या शेंगेचा. दाणा फुटला की त्यातलं लायपॉक्सिजिनेज नावाचं विकर तेलाला हवेशी भिडवतं आणि हा वास तयार होतो. दाण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं तेल असतं, ते आधी हेक्झेन नावाच्या द्रावकानं धुऊन काढायचं. हेक्झेनचा वास पेट्रोलच्या जवळचा, डोकं जड करणारा, म्हणून ते धूर ओढणाऱ्या कपाटात. तेल निघून गेलं की खाली पांढुरकं, कोरडं पीठ उरतं आणि आपल्याला हवं ते सगळं त्या पिठात असतं. आइसोफ्लेव्होन्स तेलात फारसे उतरत नाहीत. म्हणजे काकू दर महिन्याला आणते त्या तेलाच्या पाकिटात ते जवळजवळ नसतात. ते राहतात ढेपेत. तेल गिरणीतून निघालेली ती पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशात जाते. तालुक्याच्या रस्त्याला लागलेल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या आमच्या काकूपेक्षा कितीतरी अधिक आइसोफ्लेव्होन्स आजवर खात आल्या आहेत.

त्या पिठावर अल्कोहोल आणि पाणी यांचं मिश्रण घालायचं. मिथेनॉल किंवा इथेनॉल ऐंशी टक्के, पाणी वीस. नुसतं अल्कोहोल घेतलं तर काम अर्धवट होतं, कारण दाण्यातले बहुतेक आइसोफ्लेव्होन्स साखरेचा रेणू अंगाशी घेऊन बसलेले असतात आणि साखरेला पाणी लागतं. मग ढवळत ठेवायचं किंवा अल्ट्रासॉनिक पाण्याच्या कुंडात ठेवायचं. त्या कुंडातून एक बारीक, कानाच्या आत टोचणारा आवाज येतो, दुपारभर येत राहतो. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ तळाला बसवायचा, वरचा फिकट पिवळा द्रव ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून छोट्या तपकिरी बाटलीत भरायचा. एवढ्याशा बाटलीत एका वावराचा श्रावण-भादवा असतो, असं मला पहिल्यापासून वाटत आलं आहे आणि अजूनही वाटतं.

पुढचं यंत्र एचपीएलसी, द्रवात मिसळलेले पदार्थ एकेक वेगळे करून मोजणारं. एक बोटभर जाडीची पोलादी नळी, आत अगदी बारीक सिलिकाचे कण, त्यांच्या अंगावर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या. पंप मोठ्या दाबानं द्रव आत ढकलतो आणि त्यासोबत आपला नमुना. पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीतून एका टोकाकडून आत शिरलेले लोक दुसऱ्या टोकाला एकदम बाहेर पडत नाहीत, कोणी सरळ चालत निघतो, कोणी प्रत्येक बांगड्यांच्या दुकानापाशी थांबतो. नळीत तसंच होतं. साखर अंगाशी असलेले रेणू पाण्यासोबत लवकर बाहेर येतात. साखर सुटलेले त्या तेलकट साखळ्यांना चिकटत, थांबत, उशिरा येतात. बाहेर पडताना त्यांच्यावर २६० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश पडतो, ते तो गिळतात, आणि पडद्यावर एक सुळका उठतो. आधी डेड्झिन, मग ग्लायसिटिन, मग जेनिस्टिन, ही साखर लागलेली रूपं, मागून त्यांची साखरेवर आणखी आम्लाचा तुकडा लागलेली भावंडं, आणि सगळ्यात शेवटी जेनिस्टीन, दीर्घ 'टी'चं, साखर सुटलेलं. मूळ रेणू तीन, प्रत्येकाची चार रूपं, अशी बारा. सुळक्याखालचं क्षेत्रफळ मोजायचं, शुद्ध नमुन्याच्या क्षेत्रफळाशी ताडायचं, आणि ग्रॅममागे किती ते काढायचं. रात्री उशिरा प्रयोगशाळेत एकटी असताना तो शेवटचा सुळका येईपर्यंत मी घरी जायची नाही. तो येणार हे ठाऊक असायचं, तरी थांबायची.

यातली एक गोष्ट काकूच्या प्रश्नाशी थेट जाऊन भिडते. कच्च्या दाण्यात सगळ्यात जास्त असतात ते मॅलोनिल, म्हणजे साखरेवरचा तो आम्लाचा तुकडा, लागलेले रेणू, आणि ते उष्णतेला नाजूक. दाणा पाण्यात उकडला की मॅलोनिलचा तुकडा गळून पडतो आणि साधं साखरेचं रूप उरतं. कोरडा भाजला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ॲसिटिल रूप तयार होतं. आंबवलं, जसं जपानात मिसोसाठी आंबवतात, तर सूक्ष्मजीव साखरच सोडवून टाकतात. प्रयोगशाळेत अर्क काढताना भांडं तापलं तरी हाच बदल होतो, म्हणून झाडानं मुळात काय ठेवलं होतं ते बघायचं असेल तर गार तापमानालाच काम करावं लागतं. भाजण्या-उकडण्यानं रूप बदलतं, पण मूळ रेणू फारसा हरवत नाही. चुलीवर होतं तेही रसायनशास्त्रच आहे, आणि काकू ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं करते आहे.

आणखी एक अडचण आहे, जी पट्टीवर वाचताना माझ्या डोळ्यांत भरली. ५० मिलिग्रॅम म्हणजे साखरेसकट की साखर वजा करून? जेनिस्टीनच्या रेणूचं वजन २७०, साखर लागली की ४३२, मॅलोनिलसकट ५१८. तोच एक मूळ रेणू, पण वजन दुपटीच्या जवळ. शरीरात कामाला येतो तो साखर सुटलेला भाग. म्हणजे मोजणाऱ्यानं कशाचं वजन धरलं ते सांगितलं नाही तर आकडा फुगलेला असू शकतो. बाजारात ओलाव्यासकट वजन धरलं तर घेणाऱ्याचं नुकसान, म्हणून तिथे यंत्र हजर असतं. गोळीच्या पट्टीवर मात्र ते घेणाऱ्या बाईला आपणहून कोणी सांगत नाही. हे स्पष्ट लिहिलेलं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

झाड हे सगळं करतं तरी कशासाठी?

बायकांच्या वाफांसाठी नक्कीच नाही. सोयाबीनची मुळं डेड्झीन आणि जेनिस्टीन, हे साखर सुटलेले रेणू, मातीत सोडतात. मातीतल्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूंना ते कळतं, ते उलट आपला संदेश मुळाकडे पाठवतात, मुळावरचा बारीक केस वळतो, जिवाणूला आत घेतो आणि गाठ धरते. हवेतलं नत्र त्या गाठीत बांधलं जातं. काकू गुळाच्या पाण्यातून दाण्याला जे जिवाणू लावते, त्यांना झाड ज्यानं बोलावतं, तोच पदार्थ तिच्या गोळीत आहे. बुरशीनं मूळ धरलं तर हेच झाड डेड्झीनपासून ग्लायसिओलिन नावाचं बुरशीला मारणारं रसायन बनवतं. बोलावणं आणि हाकलणं, दोन्ही कामं एकाच साठ्यातून. आणि हा साठा हवामानावर हलतो. दाणा भरताना थंडावा असेल तर तो वाढतो, उकाडा असेल तर घटतो. आपल्याकडे दाणा भरतो तो भादव्याच्या उन्हात, जेव्हा पाऊस दडी मारतो आणि वावरात उभं राहवत नाही. म्हणून विदर्भातल्या दाण्याचा आकडा थंड प्रदेशातल्या दाण्याइतका मोठा येईल अशी आशा मी धरत नाही.

माणसाच्या शरीरात या रेणूचं चालतं, ते त्याचा आकार इस्ट्रोजेनच्या आकाराशी जुळतो म्हणून. दोन टोकांचं अंतर जवळजवळ तेवढंच, म्हणून इस्ट्रोजेनच्या जागी तो सैलसर बसू शकतो, ताकद मात्र पुष्कळ कमी. हे नुसतं 'नैसर्गिक आहे, चांगलं आहे' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतात आइसोफ्लेव्होन्स भरमसाट होते. मेंढ्या दिवसभर तेच खात होत्या, माणूस तसं खात नाही, पण मोजायला का हवं याचं मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर त्या मेंढ्या आहेत.

आणि परिणाम? वाफांवर आइसोफ्लेव्होन्सचा उपयोग होतो का, यावर बरेच अभ्यास झाले आहेत आणि ते सगळे एका सुरात बोलत नाहीत. एकूण चित्र असं की काही बायकांना वाफा थोड्या कमी होतात, तीव्रताही थोडी उतरते, पण त्याला आठवडे लागतात आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही. यामागे एक कारण पुन्हा जिवाणूंचंच असावं असं मानतात. काहींच्या आतड्यात डेड्झीनचं इक्वॉल नावाचं, इस्ट्रोजेनसारखं अधिक वागणारं रूप बनवणारे जिवाणू असतात, काहींच्या नसतात. पिढ्यान् पिढ्या सोयाबीन खाणाऱ्या पूर्व आशियात तसे लोक निम्म्याच्या आसपास, पाश्चात्त्य देशांत त्याहून बरेच कमी. मुळापाशी जिवाणू, आतड्यातही जिवाणू. मधल्या दाण्याचं मोल त्यांच्यावर ठरतं. आमच्या गावच्या बायकांच्या पोटात ते किती जणींच्या आहेत, हा प्रश्न मला त्या बसमध्ये पहिल्यांदा पडला. आपण ज्या पिकावर गावं चालवतो ते आपल्या पोटात जाऊन काय होतं, हे तपासायची वेळच येऊ दिली नाही.

घरी आल्यावर मी एका वहीत हिशेब मांडला. उष्ण प्रदेशातला दाणा म्हणून हात आखडून ग्रॅममागे एकच मिलिग्रॅम धरला. एका क्विंटलमध्ये १०० ग्रॅम आइसोफ्लेव्होन्स झाले. ५० मिलिग्रॅमची एक गोळी, तर २,००० गोळ्या. मी तो आकडा बराच वेळ बघत बसले. तो पूर्ण खरा नाही, हेही मला कळतं. काढताना काही वाया जातं, द्रावक लागतं, यंत्रं लागतात, शुद्ध करणं, तपासणं, परवाने, आणि त्या सगळ्या कामाचा मोबदला कोणीतरी घ्यायलाच हवा. उद्योग सहसा सगळा दाणा घेतही नाहीत, आतला मोडाचा भाग वेगळा काढतात. तो वजनानं दाण्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण आइसोफ्लेव्होन्स त्यात बाकी दाण्याच्या कितीतरी पट. मला राग आला असं नाही. वाईट वाटलं, आणि त्यासोबत एक विचित्र अभिमानही वाटला, आमच्या काळ्या मातीचा. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि कोणतं खरं ते ठरवायची मला गरज वाटली नाही.

रात्री काकू वाफेनं उठली तेव्हा मी जागीच होते. ओसरीवर तिच्याजवळ बसून नीट सांगितलं. ५० ग्रॅम दाणा, म्हणजे तुझी दीडेक मूठ, एका गोळीच्या जवळपास जाईल. थोडं कमी, थोडं जास्त. पण कच्चं किंवा नुसतं वरवर भाजलेलं नाही. दाण्यात पचन अडवणारा ट्रिप्सिन इन्हिबिटर असतो, तो चांगलं शिजल्यावरच मोडतो. गोळी बंद करायची ती डॉक्टरीणबाईंना विचारूनच. आणि शेजारची थायरॉइडची गोळी घेते, तिला सांग, ती गोळी आणि सोयाबीन एका वेळेला नको, गोळी अंगात नीट उतरत नाही. काकू सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वासाचं काय करशीन? सासूबाईनं थुकून देल्लं होतं."

वासाचं उत्तर सोपं होतं आणि ते आजीला मिळालं असतं तर आमच्या घरात कदाचित वेगळं जेवण झालं असतं. दाणा गार पाण्यात भिजवायच्या आधीच, अख्खा, फुटू न देता, खळखळत्या पाण्यात टाकायचा. विकर आत जागच्या जागी निकामी होतं, दाणा फुटला तरी मग वास धरत नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या गंजात पाणी चढवलं. आधण आलं तसे काकूनं ओंजळीनं दाणे सोडले. वाफ चेहऱ्यावर घेत ती वास घेत राहिली, शंकेनं, पुन्हा पुन्हा. शिजले, गाळले, ओसरीवर उन्हात धोतरावर पसरले, वाळल्यावर जात्यावर भरडले. सुपात पाखडताना सालं उडून गेली आणि सालीसोबत ते बारीक वाकडे मोड. मी ते सुपाखालून वेचून बघितले. सगळ्यात दाट साठा ज्यात, तोच आधी निसटतो. उरलेली डाळ गिरणीतून दळून आणली आणि काकूनं, मला न विचारता, बेसनात चौथा हिस्सा ते पीठ घालून पातोडीचा रस्सा केला. काकांना सांगितलं नाही. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

आता ती नऊ किलो गव्हात एक किलो हे पीठ घालते. वाफा कमी झाल्या का, तर ती म्हणते थोड्या कमी वाटतात, पण सध्या थंडीही पडली आहे, त्यामुळे मी ते कशाच्याच खात्यावर लिहीत नाही. गोळ्या चालूच आहेत. उकडलेलं पिवळसर पाणी ती म्हशीच्या आंबोणात ओतते, आणि त्या पाण्यात आइसोफ्लेव्होन्स किती उतरले असतील हे मला खात आहे; साखर लागलेले रेणू, पाण्याला ओढ असलेले, थोडे तरी नक्की उतरले असणार. म्हणून पुढच्या खेपेला मी चार गोष्टी नेणार आहे: चुंगडीतला कच्चा दाणा, दळलेलं पीठ, सुपाखालचा कोंडा, आणि बाटलीभर पाणी.

काकूला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "आपल्या दाण्याचा आकडा निंघाला का मले कागदावर लिहून दे," म्हणाली. "दिवाळीत हर्रासीच्या वक्ताले घेऊन जाईन. तिथं दाखवून पाह्यतो कोनाले तरी." तिथे हा कागद कोणी बघेल असं मला वाटत नाही, आणि ते मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "नाई पाह्यलं तं नाई पाह्यलं. मले तं मालूम राहीन." मी लिहून देणार आहे. ओलावा, प्रथिनं, तेल, आणि त्याखाली तिन्ही आइसोफ्लेव्होन्स, साखर वजा करून, कोरड्या वजनावर.